मोठ्या पिशवीचा साज

पिशवी शिवून झाली की ती टेबलावर पसरायची, वर बटणं, गोंडे, फिती मांडायच्या आणि लगेच सुईत दोरा ओवायचा, हा मोह कुणाला होत नाही? पण जरा दम धरा. आधी पिशवी भरा. तिच्यात रोज जे जाणार आहे तेच भरा: पाण्याची बाटली, दोन वह्या, छत्री, गुंडाळलेली शाल, चार्जर. मग ती खांद्याला लावून आरशासमोर उभं राहा. टेबलावर सपाट पडलेली पिशवी वेगळी आणि खांद्याला लटकलेली वेगळी, आणि लोकांना दिसणार आहे ती लटकलेली.

भरल्यावर कापड कसं वागतं ते बघा. दोन बंदांच्या मधली वरची कड आत झुकते. खालचा भाग फुगतो. बाजूच्या शिलाईजवळ तिरक्या चुण्या पडतात. बूड रुंद ठेवलं असेल तर समोरच्या कापडाचा खालचा भाग बुडाखाली वळतो आणि दिसेनासाच होतो. माझी नेहमीची पिशवी निळ्या कॅनव्हासची आहे, ४५ सेंमी रुंद, ४२ सेंमी उंच, बूड १२ सेंमीचं. म्हणजे पुढच्या कापडातले ६ सेंमी बुडाला गेले, दिसायला उरले ३६. त्याचा मध्य पट्टीने मोजला तर १८ वर येतो, पण फुगलेल्या पिशवीत डोळ्याला मध्य वाटतो तो वरून १६-१७ सेंमीवर. कापड सपाट असताना पुऱ्या ४२ चा मध्य काढून तिथे मोठं फूल शिवलं, की भरल्यावर ते पोटावरून घसरल्यासारखं दिसतं. म्हणून पिशवी भरलेली असतानाच शिंप्याच्या खडूने तीन गोष्टी आखून घ्या: डोळ्याला दिसणारा मध्य, बुडाची वळणारी रेघ आणि चुण्या पडतात त्या जागा. चुण्यांच्या जागी काही कडक लावायचं नाही. तिथे कापड दिवसभर दुमडतं आणि उलगडतं, टाके आधी तिथलेच तुटतात.

आणखी एक ठरवून टाका. अंगाकडची बाजू कोणती? पिशवी नेहमी एकाच खांद्यावर घेत असाल तर उत्तर सोपं आहे. ती बाजू सपाट ठेवा; फार तर छापाच्या कापडाचा एखादा तुकडा शिवा, पण धातू, आरसे, मणी काही नको. स्वेटरचे धागे ओढले जातात, आणि घासून घासून मणीही सुटतात. दोन्ही बाजू सजवायची हौस असणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या स्वेटरलाच घालू दे.

मग येतो वजनाचा प्रश्न, आणि इथे माझा हात जरा आखडता असतो. रिकामी कॅनव्हासची मोठी पिशवी अस्तरासकट साधारण ३५०-४५० ग्रॅम भरते. पितळी चकत्या, साखळी, चार-पाच किल्ल्यांचे जुडगे आणि एक जाडजूड बक्कल एवढं तराजूवर एकत्र ठेवून पाहा, सहज २०० ग्रॅम होतं. पिशवीच्या निम्मं! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी सगळी सजावट मिळून पिशवीच्या पाव वजनाच्या आत ठेवते. हा माझा मी घालून घेतलेला नियम आहे, पण खांद्याला तो पटतो. लाकूड, नारळाची करवंटी, शिंपला, फेल्ट, सुती दोरा यांत मोठ्या आकाराची वस्तू हलकी मिळते. मोठ्या पिशवीवर बारीक वस्तू हरवून जातात, म्हणून मोठं पण हलकं हेच शोधायचं.

कापड किती भार सोसतं हेही बघायला हवं. १० ते १२ औंसाचं कॅनव्हास, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ते ४०० ग्रॅमचं, किंवा जाड डेनिम असेल तर बटणं आणि रिबेटं (ठोकून बसवायचे धातूचे टोपीवाले खिळे) बिनधास्त लावा. पॉपलिनसारखं पातळ कापड असेल तर सजावटीच्या मागे, आतल्या बाजूने, फ्यूजिंग (गरम केल्यावर चिकटणारं आधाराचं कापड) इस्त्रीने चिकटवून घ्या किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवा. तो तुकडा सजावटीपेक्षा चहूबाजूंनी २ सेंमी मोठा हवा. बरोबर तेवढ्याच आकाराचा ठेवला तर त्याच्या कडेवरच कापड ताणलं जातं आणि तिथेच फाटतं.

आता मुख्य मुद्दा. पिशवी धुवावी लागते. भाजी, छत्रीचं पाणी, बसमध्ये पायाशी ठेवलेलं बूड, हे सगळं तिच्या नशिबी असतं. त्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेतली की मी एकच विचारते: ही पाण्यात जाईल का? जात असेल तर ती पिशवीवर शिवायची. जात नसेल तर ती काढता येईल अशीच लावायची. सुती दोरा, प्लास्टिकची आणि शिंपल्याची बटणं, काचेचे मणी, स्टेनलेस स्टील पाण्यात जातात. लोखंडावर नुसता मुलामा दिलेल्या वस्तू, लाकूड, चामडं, लोकरीचे गोंडे, चिकटवलेले खडे हे जात नाहीत. लोखंडाची वस्तू ओळखायला लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर तिचा मुलामा झिजल्यावर कापडावर गंजाचा डाग पडणार हे धरून चाला. काही जातींचं स्टीलही चुंबकाला चिकटतं, पण शंका असली की ती वस्तू काढत्या सजावटीत टाकावी, बिघडत काही नाही.

रंगीत दोरे, फिती, कापडाचे तुकडे यांची परीक्षा सोपी आहे. पांढरा सुती रुमाल ओला करा, वस्तूवर ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर ती वस्तू पांढऱ्या पिशवीच्या जवळपासही फिरकू देऊ नका. लाल, गडद निळा आणि काळा यांच्यावर माझा मुळीच विश्वास नाही. आणि पिशवीचं कॅनव्हास शिवण्याआधी धुतलेलं नसेल तर सजावटीआधी पिशवी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात आटतं. वर न आटणारी पॉलिस्टरची लेस शिवलेली असेल तर खालचं कापड आटून लेसला झालर येते.

अस्तर उघडा

तयार पिशवीवर काम करताना अस्तरासकट टाके घालू नयेत. आतून दोऱ्यांचं जाळं दिसतं, त्यात किल्ल्या, पेनं अडकतात आणि टाके ओढले जातात. अस्तराच्या बुडाशी असलेली शिलाई सीम रिपरने (टाके उसवायच्या टोकदार हत्याराने) १५ सेंमी उसवा. तिथून हात आत घाला आणि पुढचं कापड त्या भोकातून उलटं बाहेर ओढून घ्या. आता बाहेरच्या कापडाची मागची बाजू तुमच्यासमोर आहे: फ्यूजिंग लावा, गाठी मारा, मागे आधाराचं बटण ठेवा, सगळं मोकळेपणाने करता येतं. काम संपल्यावर कापड आत ढकला आणि उसवलेली जागा दोन्ही कडा आत दुमडून हाताने शिवा: एका घडीतून टाका घ्यायचा, मग समोरच्या घडीतून, दोरा हलकेच ओढायचा. कडा मिटतात आणि टाका दिसत नाही. पिशवी अजून शिवायचीच असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. पुढचं कापड सुटं असतानाच सजवा, मात्र चारही कडांना दीड सेंमी जागा मोकळी सोडा. मण्यांवरून मशीनचा पाय जात नाही, आणि सुई मण्यावर पडली तर तुटून डोळ्याकडे उडते.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक टोकाची कात्री, कॅनव्हाससाठी जाड सुई, अंगुस्तान, टाचण्या, खडू, पक्का पॉलिस्टर दोरा. कॅनव्हासमधून सुई निघत नसेल तर ती दातांनी ओढू नका. जुन्या रबरी हातमोज्याचं एक बोट कापून तर्जनीवर चढवा, पकड मिळते.

बटणं

बटणांनी पिशवी सजवणं सगळ्यात सोपं, आणि नीट केलं तर सगळ्यात देखणं. माझ्याकडे जुन्या सदऱ्यांची, कोटांची काढून ठेवलेली बटणं आहेत, एकाला एक जुळत नाही. तीच उत्तम. एकाच रंगातल्या चार-पाच छटा निवडा, आकार मात्र वेगवेगळे हवेत. बटणं ऑनलाइन मागवताना आकार कधीकधी लिग्नमध्ये दिलेला असतो. ४० लिग्न म्हणजे एक इंच, त्यामुळे २४ लिग्नचं बटण साधारण १५ मिमीचं. चित्रात सगळीच बटणं मोठी दिसतात, म्हणून हा हिशोब लक्षात ठेवलेला बरा.

मांडणी करताना मोठी तीन बटणं आधी ठेवा, एका ओळीत नव्हे, आणि मग त्यांच्या फटींमध्ये मधली व बारीक बटणं येऊ द्या. घोळका एका कोपऱ्यात दाट आणि पुढे विरळ होत गेला तर डोळ्याला हलता वाटतो. मी बहुधा वरच्या डाव्या बंदाच्या मुळापासून सुरू करून उजवीकडे खाली उतरते. मांडणी पटली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग बटणं उचला. फोटो न काढता उचललीत तर ती मांडणी परत जुळत नाही.

शिवताना दुहेरी दोरा घ्या. बटण आणि कापड यांच्या मध्ये काडेपेटीची काडी ठेवून टाके घाला; काडी काढल्यावर जो सैल दोरा उरतो त्याभोवती दोऱ्याचे तीन-चार वेढे द्या आणि मागे गाठ मारा. अशा बटणाला मान मिळते आणि जाड कापड फुगलं तरी ते कापडाला चावत नाही. २० मिमीपेक्षा मोठ्या बटणाच्या मागे, कापडाच्या उलट बाजूला, एक छोटं चपटं बटण ठेवून दोन्हींतून एकदमच टाके घ्या. ओढ लागली तर ती दोऱ्याऐवजी त्या मागच्या बटणावर जाते. चार भोकांच्या बटणाला दोन समांतर टाके घाला, फुली नको. फुलीच्या मधल्या भागात दोरा वर येतो आणि आधी झिजतो. आणि प्रत्येक बटणाचा दोरा तोडून स्वतंत्र गाठ मारा. कंटाळवाणं आहे, कबूल. पण एकाच दोऱ्याने दहा बटणं लावली तर एक सुटताना बाकी नऊही घेऊन जातं.

गोंडे

माझी भाची म्हणते, गोंडा नाही ती पिशवी कसली. गोंड्याला माझा विरोध नाही, गोंड्यांच्या गर्दीला आहे. मोठ्या पिशवीला एक जाड गोंडा पुरतो. दोन लावायचे तर लांबी वेगळी ठेवून एकाच कडीत.

भरतकामाच्या दोऱ्याची लड साधारण ८ मीटरची असते. मोठ्या पिशवीच्या गोंड्याला अशा दोन लडी घ्या, हव्या तर दोन छटांच्या. आधी एकीतून ३०-३० सेंमीचे दोन तुकडे कापून बाजूला ठेवा. १० सेंमी उंचीचा जाड पुठ्ठा घ्या आणि त्याच्यावर उरलेला सगळा दोरा गुंडाळा. फार ताणून नको, पुठ्ठा वाकतो आणि दोरे आखूड होतात. बाजूला ठेवलेला एक तुकडा पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला सगळ्या दोऱ्यांखालून सरकवा आणि दोनदा घट्ट गाठ मारा. आता खालच्या कडेला कात्री घालून दोरे कापा, पुठ्ठा काढा. दुसरा तुकडा वरून दीड सेंमीवर मान आवळायला. त्याची दोन्ही टोकं नुसती बांधून सोडू नका. एक टोक फास करून मानेवर उभं ठेवा, फास वरच्या बाजूला, दुसऱ्या टोकाने खालून वर सात-आठ वेढे द्या, ते टोक फासातून ओवा आणि फासाचं मोकळं टोक खाली ओढा, म्हणजे फास वेढ्यांखाली गडप होतो. गाठ दिसत नाही आणि सुटतही नाही. शेवटी गोंडा किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरा, हात भाजणार नाही अशा बेताने, बोटांनी विंचरा आणि मगच खालची टोकं कापून सारखी करा. वाफ देण्याआधी कापलेली टोकं वाफेनंतर पुन्हा वरखाली होतात. कागदाची घट्ट गुंडाळी गोंड्याभोवती करून तिच्या कडेने कात्री चालवली तर टोकं एका रेषेत येतात.

गोंडा पिशवीला शिवू नका. बंदाच्या मुळाशी, बाजूच्या शिलाईत, एक छोटी डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराची कडी) अडकवून ठेवा आणि गोंड्याला उघडझाप करणारा हूक लावा. बंद शिवून झालेला असला तरी चालेल: २ सेंमी रुंद, ६ सेंमी लांब कापडी पट्टी डी-रिंगमधून दुमडा आणि पिशवीच्या तोंडाजवळ आतल्या बाजूला चौकोनी टीप मारून पक्की करा. या एका कडीला पुढे किल्ल्या, छोटा बटवा, लाकडी मणी, वाटेल ते अडकवता येतं आणि धुताना काढता येतं.

लटकणाऱ्या वस्तूची लांबी मात्र हिशोबाने ठेवा. हुकासकट ती पिशवीच्या अर्ध्या उंचीच्या वर संपावी. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवणाऱ्यांनी तर काहीच लटकतं ठेवू नये, गोंडा चाकाच्या तारांत जातो. सरकत्या जिन्यावर आणि लिफ्टच्या दारातही हीच भीती. लहान मूल कडेवर असेल तर मणी, घुंगरं, सुटे खडे विसराच; ते सगळं तोंडात जातं.

धातूच्या वस्तू

रिबेट आणि आयलेट (भोकाच्या कडेला बसवायची धातूची कडी) यांनी पिशवीला पक्केपणा दिसतो, पण त्या उसवून परत लावता येत नाहीत, म्हणून आधी त्याच कापडाच्या तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर एक लावून बघा. रिबेटच्या दांड्याची लांबी हाच सगळा खेळ आहे. थर बोटांनी दाबून जाडी मोजा. दांडा पलीकडे २ ते ३ मिमी दिसला पाहिजे. बंद, पुढचं कापड आणि अस्तर मिळून ५ मिमी होत असतील तर ८ मिमीचा दांडा. लांब झाला तर ठोकताना तिरका वाकतो, आखूड झाला तर टोपी बसल्यासारखी वाटते आणि भार पडताच उडते. भोक कात्रीने कापू नका. आरीने किंवा दाभणाने धागे बाजूला सारून पाडा; धागे न तुटता सरकतात आणि दांड्याला घट्ट धरून बसतात. ठोकताना खाली दगड किंवा लोखंडी ठोकळा हवा, लाकडी टेबल मार खाऊन घेतं. सरळ दोन-तीन घाव, बस.

एक सांगायचं राहिलं. रिबेट हे बंदाच्या शिलाईला जोड म्हणून आहे, शिलाईच्या बदल्यात नाही. बंद चौकोन-फुलीच्या टिपेने शिवलेला असावाच. आणि ज्यांना निकेलची अॅलर्जी असते त्यांना खांद्याला, हाताला लागणारा निकेलचा मुलामा खाज आणतो, म्हणून बंदावरच्या कड्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. पितळ काळवंडतं, पण ते पुसता येतं.

कापडाचे तुकडे, फिती, मणी

कापडाचा कापलेला आकार शिवायचा असेल तर मागे दुहेरी चिकटणारं फ्यूजिंग लावून मग कापा, कडा फसकत नाहीत. इस्त्री फिरवायची नाही, एका जागी दाबून धरायची आणि उचलून पुढे ठेवायची. फिरवली की तुकडा सरकतो. त्यावरून कडेने काजाचा टाका घाला. नुसत्या चिकटवण्यावर थांबू नका, दोन-चार धुण्यांत कोपरे उचलले जातात. तुकडा लावायचाच आहे तर त्याची वरची कड मोकळी ठेवून खिसा का करू नये? मोठ्या पिशवीत तिकीट आणि किल्ली शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो, बाहेरचा खिसा त्यातून वाचवतो.

मण्यांबद्दल थोडक्यात. बारीक मण्यांचे नंबर उलटे चालतात: ११ नंबरचा मणी सुमारे २ मिमीचा, ८ नंबरचा ३ मिमीचा. कॅनव्हासवर ८ नंबरपेक्षा बारीक मणी शोभत नाहीत आणि डोळेही जातात. उलट्या टिपेने दोन-दोन मणी बसवा आणि दर चार-पाच मण्यांनी मागे गाठ घ्या. खालच्या ८ सेंमीत मणी नकोतच, पिशवी जमिनीवर टेकते तिथे सगळं घासलं जातं.

गरम गोंदाच्या बंदुकीचं काय, असं कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर नाही असंच आहे. तो गोंद थंड झाला की कडक होतो, पिशवीचं कापड मात्र सारखं वाकत असतं, त्यामुळे तो कापडापासून सुटतो. शिवाय उन्हात बंद गाडीत पिशवी राहिली तर मऊ पडतो आणि चिकटवलेलं फूल घसरून जागा सोडतं. सुई घ्या.

काढती पट्टी

ज्यांना मनसोक्त सजवायचं आहे त्यांच्यासाठी माझ्याकडे हा तोडगा आहे, आणि मला तो बाकी सगळ्यांपेक्षा आवडतो. जड भरतकाम, आरसे, लाकडी बटणं, धातूचे बॅज हे सगळं पिशवीवर न लावता एका वेगळ्या पट्टीवर लावा आणि पट्टी टिचबटणांनी पिशवीवर बसवा. पिशवी धुवायला टाकताना पट्टी काढायची. कंटाळा आला की दुसरी करायची. पिशवी एक, साज चार.

४५ सेंमी रुंद पिशवीला ३६ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद पट्टी पुरते. बाजूंना जागा राहिली पाहिजे, कारण पिशवी फुगली की कडा मागे वळतात. कॅनव्हासचे या मापाचे दोन तुकडे कापा. पुढच्या तुकड्याला मागून फ्यूजिंग लावा आणि सगळी सजावट त्याच्यावर करून घ्या, कडेने दीड सेंमी मोकळं सोडून. दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन शिवायचे आणि मग उलटायचे ही नेहमीची रीत इथे नको, मणी आणि बटणं उलटताना अडकतात. त्याऐवजी दोन्ही तुकड्यांच्या उलट बाजू एकमेकींना लावा, कडेने कच्चा टाका घाला आणि तिरक्या कापडाच्या पट्टीने चारही बाजूंना पायपिंग करा. मशीनचा नेहमीचा पाय सजावटीला अडला तर चेन लावायचा अरुंद पाय बसवा. बॅज लावायचे असतील तर तेवढी पायपिंगची एक लांब कड शेवटपर्यंत मोकळी ठेवा. बॅजची मागची पिन दोन तुकड्यांच्या मध्येच राहते, पिशवीच्या कापडाला टोचत नाही.

टिचबटणं १० ते १२ मिमीची, धातूची. वरच्या कडेला चार, खालच्या कोपऱ्यांना दोन. वरच्या चारांवर भार असतो, खालची दोन पट्टी फडफडू नये एवढ्यापुरती. टिचबटणाचा उंचवट्याचा भाग पट्टीला आणि खोलगट भाग पिशवीला लावा. पट्टी काढल्यावर पिशवीवर काही टोचत नाही. जागा जुळवण्यासाठी मोजमाप करत बसू नका. पट्टीवरची सहाही बटणं आधी शिवून टाका, त्यांच्या उंचवट्यांना खडू चोळा, पिशवी भरलेली ठेवून पट्टी हव्या त्या जागी दाबा. पिशवीवर सहा ठिपके उमटतील, तिथे खोलगट भाग शिवायचे. भरलेल्या पिशवीवरच दाबायचं, कारण कापड ताणलं की अंतर बदलतं. रिकाम्या पिशवीवर जुळवलेली पट्टी सामान भरल्यावर पटापट उघडते. टिचबटणाच्या प्रत्येक भोकात चार टाके, आणि पिशवीच्या कापडामागे प्रत्येक खोलगट भागाला कापडाचा एक छोटा चौकोन आधाराला.

दुसरी पट्टी करताना तेच ठिपके उपयोगी पडतात. पहिली पट्टी कागदावर दाबून खडूचे ठिपके उतरवून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

बंद

बंदांवर मण्यांची माळ, खडे, धातूच्या पट्ट्या लावलेल्या दिसतात. दिसतात छान, पण पाच किलो सामान घेतलं की त्याच वस्तू खांद्यात रुततात. बंदावर मऊ कापडच चांगलं. पातळ, अरुंद रुमाल ४ सेंमी रुंदीला दुमडा आणि बंदाच्या मधल्या ३० सेंमीवर तिरका गुंडाळा. अडीच सेंमी रुंद बंदाला, दोन्ही टोकांना गाठीपुरता भाग सोडून, ९० सेंमी लांब रुमाल लागतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक बोटभर चढवा, नाहीतर मधून बंद डोकावतो. गाठ खांद्यावर येणार नाही अशी, खाली समोरच्या बाजूला ठेवा. घाम सगळा त्या रुमालात जातो, म्हणून तो सोडवून वरचेवर धुवा. बंदाचं कापड त्यामुळे बरीच वर्षं स्वच्छ राहतं. रेशमी रुमाल घसरतो, सुती घसरत नाही.

धुणं आणि डागडुजी

धुताना पट्टी, गोंडा, रुमाल काढा, पिशवी उलटी करा, थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. मशीनमध्ये घालायचीच असेल तर जाळीच्या पिशवीत घाला आणि बंद आत कोंबा. पिळू नका, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. बंदांना चिमटे लावून वाळत घातली तर ओल्या कॅनव्हासच्या वजनाने बंद लांबतात. बुडाच्या शिलाईला चिमटे लावून उलटी टांगा, सावलीत. पट्टीला पाणी नको, ओल्या फडक्याने पुसायची आणि मऊ ब्रशने धूळ झटकायची.

बटणाचा दोरा सैल झालेला दिसला की त्याच दिवशी आवळावा, ते पडेपर्यंत वाट बघत बसू नये. गोंड्याची टोकं मळून चिकटली तर अर्धा सेंमी कापून पुन्हा वाफ द्यायची. दोन-तीनदा असं केल्यावर तो आखूड होतो, मग किल्लीला लावायचा आणि पिशवीला नवा करायचा. सजावटीतली दोन जादा बटणं, थोडे मणी आणि त्याच रंगाचा दोरा गुंडाळलेला पुठ्ठ्याचा तुकडा एका कागदी पुडीत घालून मी पिशवीच्या आतल्या खिशात ठेवते. सुई मात्र नाही ठेवत, किल्ली शोधताना ती बरोबर बोटालाच सापडते.